पाय पडू नये म्हणून

भूकंपानंतर ॲटलसच्या डोंगरातल्या त्या गावात मदतीचा पहिला ट्रक पोचला तो रोट्यांचा. “फावडं आहे का रे, बाबा?” तूदाने विचारलं. “खोदणारे मागून येतायत, मावशी. आम्ही रोटीवाले,” म्हणत मराकेशचा स्वयंसेवक तिच्याच पडलेल्या घराच्या ढिगावर चढला, तिथून सगळं गाव दिसत होतं. ती काही सांगू लागली, तर म्हणाला, “रांगेत या, सगळ्यांना मिळेल.” रोट्या हातोहात जाऊ लागल्या. एक निसटून धुळीत पडली. तसा तो चटकन वाकला. आईने शिकवलेलं विसरला नव्हता. त्याने रोटी उचलली, धूळ झटकली, ओठांना लावली आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून उंचशा दगडावर ठेवली. “गुणाचा आहेस हो,” तूदा म्हणाली. “रोटीवर पाय पडू देत नाहीस. तू उभा आहेस ना, तिथूनच पहाटेपर्यंत माझा नवरा हाका मारत होता.”