दंडातली माया

मास्तरांनी डावी बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, हात उशीवर ठेवला आणि सिस्टरला म्हणाले, "घाला सुई. मी तरी जन्मभर दुसरं काय केलं?"

सिस्टर हसली नाही. एरवी मास्तरांच्या विनोदाला पहिली तीच हसायची. आज तिच्या हातात दोन जाड सुया होत्या आणि अख्ख्या वॉर्डाचं लक्ष त्या सुयांकडे होतं.

मास्तर म्हणजे शिंपी माणूस. डायलिसिस सुरू होऊन चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मनगटांतल्या शिरा गेल्या, कोपरांतल्या गेल्या, उरल्यासुरल्या शिरांची सलाइननं वाट लावली. गळ्याशी बसवलेल्या नळीनं दोनदा थंडीताप आणला, आणि हल्ली तर तिच्यातून रक्त इतकं रडतखडत यायचं की मशीन दर दहा मिनिटांनी बोंब ठोकायचं. दोन्ही हात संपले, असं एका डॉक्टरनं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. शिंप्याला हे सांगायचं म्हणजे कमालच झाली. पण त्यात खोटं काही नव्हतं. मशीनपर्यंत रक्त न्यायला वाट उरली नाही तर माणूसही उरत नाही, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग या डॉक्टरीणबाई भेटल्या. शिरांची ऑपरेशनं करणाऱ्या, बोलायला अगदी कमी. त्यांनी सोनोग्राफीचा दांडा मनगटापासून सरकवत काखेपर्यंत नेला आणि तिथंच घुटमळल्या. दंडाच्या आतल्या बाजूला खोलवर एक शीर होती. इतकी खोल, की आजवर एकाही सुईला सापडली नव्हती, आणि म्हणूनच धडधाकट राहिली होती. ती आधी जोरात वाहणाऱ्या धमनीला जोडायची, भरली की सोडवून वर आणायची आणि कातडीखाली बसवायची, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं.

मास्तरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे शिलाईच्या आत माया सोडलेली आहे," ते म्हणाले. "ती उसवून बाहेर घ्यायची."

डॉक्टरीणबाईंना माया म्हणजे जीव लावणं एवढंच माहीत. कपडा बेतताना शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतो, पुढे अंग भरलं की तेच उसवून कपडा सैल करता येतो, आणि त्या कापडाला माया म्हणतात, हे त्यांना मास्तरांनी समजावून सांगितलं. त्यांनी ते शिकाऊ डॉक्टरासारखं ऐकून घेतलं.

दोन ऑपरेशनं झाली. तेव्हापासून मास्तरांची बायको सकाळी डोळे उघडले की आधी त्यांच्या दंडावर तळवा ठेवायची. शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालू असलं की भिंतीला जशी थरथर लागते, तशी शीर चालू असल्याची खूण हाताला लागायची. मगच ती अंथरुणातून उठायची.

आणि आज पहिल्यांदा त्या शिरेत सुई जात होती.

एक गेली. दुसरी गेली. मास्तरांनी डोळे मिटले नाहीत, सुईवर नजर ठेवायची त्यांना सवयच होती. नळीतून लाल रेघ पळत निघाली, मशीन फिरू लागलं, आणि दोनच मिनिटांत कर्कश ओरडलं.

उशाशी बसलेली बायको घाबरून मशीनकडे बघू लागली. सिस्टरनं नळ्या तपासल्या, चिमटे तपासले, सुया तपासल्या. सगळं जागच्या जागी होतं. मग तिची नजर वर गेली. बायकोचा तळवा रोजच्यासारखा दंडावर होता, आणि भीतीनं तो शिरेवर घट्ट दाबला गेला होता.

"काकू, आधी हात काढा," सिस्टर म्हणाली.

हात निघाला आणि मशीन गप्प झालं. सिस्टरनं रक्ताच्या वेगाचा आकडा दोनशेवर नेला. गळ्यातल्या नळीला दीडशेवरच धाप लागायची. मशीन गप्पच. तिनं तो हळूच अडीचशेवर नेला. त्यानंतर तीन तास मशीननं ब्र काढला नाही. मास्तरांच्या सुईच्या विनोदावर सिस्टर हसली ती तेव्हा.

चौथ्या तासाला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी शिरेवर अलगद दोन बोटं ठेवली, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. असं आणखी पाच-सहा वेळा झालं की गळ्यातली नळी काढून टाकू, म्हणाल्या. मास्तरांचा आनंद मावेना. त्या नळीपायी दोन वर्षं त्यांना गळ्यात मापाची टेप अडकवता आली नव्हती. घरी गेल्यावर ती खिळ्यावरची टेप पुसून ठेव, असं त्यांनी बायकोला बजावलं.

बायको डोळे पुसत होती. तिचा आनंदही मुलखाचा घाबरट.

"चालतेय खरी," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "पण उद्या हीसुद्धा बंद पडली, तर मग काय उरलं?"

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. तेवढ्यात मास्तरांनी उजवी बाही दातांनी वर ओढली आणि तो दंड त्यांच्या पुढ्यात केला.

"अगं, कुठला शिंपी एकाच बाजूला माया सोडतो?"