मागून जाताना
घोडेस्वारीच्या स्पर्धेत एका घोडीच्या शेपटीला लाल रिबन बांधली होती. लाथ मारते, लांब राहा, असा तिचा अर्थ. म्हणून सगळे वळसा घालून जात होते. तिला सांभाळणाऱ्या मोतद्दाराची विधवा मात्र जागीच खिळली होती. घोडीच्या मागून जाताना तो म्हणायचा, "आलो गं बाई, सरक." ती सरकायची. पण त्याच्या शेवटच्या सकाळी नवराबायकोत अबोला होता. तो धुमसतच कामावर गेला आणि घोडीशीही बोलला नाही. ती दचकली. एकाच लाथेत तो संपला. मालक हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणाल तर हिला आजच घालवून देतो." "तिला कशाला बोल लावता, भाऊजी? अबोला मी धरला होता." ती पुढे झाली. "आले गं बाई, सरक." घोडी सरकली. ती पलीकडे पोचली, तरी घोडी कान मागे वळवून पुन्हा सरकली, जणू तिच्यामागून आणखी कोणी येत होतं.