साठातले सव्वीस

अकराव्या घरातही तेच झालं. म्हाताऱ्याने खुर्ची पुढे सरकवली, आतून कॉफी आली, केळीच्या पानात बांधलेला गोड भात आला. दोन घोट झाल्यावर मनिलाहून आलेल्या रेनान सरांनी विचारलं, "आजोबा, राष्ट्राध्यक्ष म्हणून मत कुणाला?"

"हा काय प्रश्न झाला? आपल्या बोयेतला!" म्हाताऱ्याने छातीवर थाप मारली.

रेनान सरांनी वहीत अकरावी खूण केली आणि अंगणात आल्यावर लुमिंगकडे बघून हसले. ते हसणं तिला मिरचीसारखं झोंबलं.

एकोणीस वर्षं ती जनमत चाचणीचं काम करत होती. दर पाचव्या घरी जायचं, उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी द्यायची, भरलेली चिठ्ठी बंद पाकिटात घ्यायची आणि पाकिटं तशीच मनिलाच्या ऑफिसला पाठवायची. या खेपेला तिथे पाकिटं उघडली, तर साठात बोयेतच्या नावावर फक्त सव्वीस. आणि बोयेत तर याच गावचा! इथे त्याला साठात पंचावन्न तरी मिळायलाच हवेत, असं ऑफिसचं म्हणणं. मग बाईने घरबसल्या चिठ्ठ्या भरल्या असणार. तेच पकडायला हे सर आले होते.

"अकरात अकरा, मानांग," ते म्हणाले. ताई म्हणायची ती तिकडची रीत, पण आवाजात ताईपण नव्हतं. "मग तुमचे सव्वीस कुठल्या गावचे?"

"तुम्ही तोंडावर विचारलंत, सर. पाहुण्याच्या हातात कॉफी द्यायची आणि वर म्हणायचं, आमच्या गावचा पोरगा आम्हाला नको? जीभ रेटेल का कुणाची? त्यात तुमची ही पांढरी गाडी. लोकांना वाटतंय, बोयेतनेच पाठवलंय तुम्हाला."

"आणि तुम्हाला बरं खरं सांगतात?"

"छे! मलाही नाही सांगत. मी विचारतच नाही. पाकीट हातात देते आणि अंगणात जाऊन त्यांचा झुंजीचा कोंबडा बघत बसते. या गावातले सगळे कोंबडे मला ओळखतात." मग तिलाही राहवलं नाही. "कुठलंही घर निवडा. दाखवते तुम्हाला."

सरांनी पोरकट हट्टाने समोरच्या घराकडे बोट केलं. दाराएवढा बोयेत भिंतीवरच्या पोस्टरमधून हसत होता. ते पासिंगमावशीचं घर. बोयेतच्या आईची सख्खी बहीण! पण आता माघार घेणं लुमिंगच्या रक्तात नव्हतं.

सत्तरी उलटलेल्या मावशीने सरांना आधी बसवलं, मग प्रश्न ऐकला. "भाच्याला सोडून दुसऱ्या कुणाला देऊ? न्हाऊ घातलंय मी त्याला!"

लुमिंगने चिठ्ठी, पेन्सिल आणि पाकीट मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि सरांना बाही धरून बाहेर ओढलं. कोंबडा बघून झाला. त्याची नखं बघून झाली. बऱ्याच वेळाने मावशीने हाक मारली आणि चिकटवलेलं पाकीट लुमिंगच्या हातात दिलं.

"आणा इकडे," सर म्हणाले. "उघडू, म्हणजे विषयच मिटला."

"इथे नाही उघडायचं."

"अहो, एकच तर आहे!"

"एक काय नि साठ काय. गावात मी आजवर एकही पाकीट उघडलं नाही, सर. तिच्या दारात आज हे फोडलं, तर पुन्हा कोण खरं लिहील?"

"मग साठही रद्द समजा. आणि यापुढे तुमचं नाव यादीत नसेल."

संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार होतं, लुमिंग खोटारडी निघाली. एकोणीस वर्षं उन्हातान्हात झिजवलेल्या चपला मातीत जाणार होत्या. तिने पाकीट छातीशी धरलं आणि मान ताठ केली. "करा रद्द. उघडेल ते मनिलातच."

मावशी दारातून सगळं ऐकत होती. ती बांबूच्या दोन पायऱ्या उतरून आली आणि लुमिंगच्या हातातून तिने पाकीट काढून घेतलं.

"मावशी, नको. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

"तू गप गं. माझी चिठ्ठी आहे. उघडेन नाहीतर चुलीत घालेन." तिने पाकीट टर्रकन फाडलं आणि चिठ्ठी सरांच्या नाकासमोर धरली. खूण बोयेतविरुद्ध उभ्या असलेल्या सेबूच्या निवृत्त जज्जाच्या नावापुढे होती.

शेजारणीने कुंपणावरून मान उंचावली. मावशीने हात खाली घेतला नाही. लुमिंगचे डोळे भरून आले. अशा माणसांच्या दारात आपण पाकीट घेऊन उभं राहतो, याचा तिला एवढा अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

रेनान सरांनी आधी चिठ्ठी पाहिली, मग भिंतीवरचा बोयेत पाहिला. वही उघडून त्यांनी अकरा खुणांवर आडवी रेघ ओढली. मग न राहवून म्हणाले, "पण मावशी, सख्खा भाचा ना?"

"सख्खाच. भुकेला आला तर तोंडातला घास काढून देईन. देश नाही देणार."