बंगल्याची जप्ती

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण सरकारनं त्या ठगाचा बंगला पार धुऊन नेला!" त्याच बंगल्याचा वॉचमन अंथरुणाला खिळलेल्या बायकोला रंगवून सांगत होता. तिच्या ऑपरेशनसाठी साठवलेली सगळी पुंजी त्या ठगाच्या योजनेत बुडाली होती. "अगं, नळसुद्धा सोन्याचे निघाले! पोहायचा तलाव तर पाण्यासकट चटईसारखा गुंडाळून ट्रकात टाकला. आता आपले पैसे परत. तुझं ऑपरेशन झालंच म्हणून समज."

ती खुदकन हसली. मग त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "अहो, पुरे करा थापा. तो अजून तिथंच राहतोय ना? रस्त्यात हॉर्न वाजला, की झोपेतसुद्धा तुमचा हात सलामाला कपाळाकडे जातो."