दोन बोटं सैल

शेवटची जास्वंद मुळासकट निघाली, तसं घरात धपकन ऊन पडलं. माळी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काकू, आता कसं घराचं तोंड दिसतंय!"

शिलाईवाल्या काकू हरखून बघत राहिल्या. किती वर्षं ती झुडपं माजली होती. जास्वंदीने खिडकी गिळली होती, कोरांटीने पायरी, आणि मेंदीआड तर दारच हरवलं होतं. त्या जागी आता गुडघ्याएवढी सदाफुली आली, पांढरी लिली आली, मधून विटांची लाल वाट आली. 'कपडे सैल करून मिळतील' ही पाटी पहिल्यांदाच रस्त्यावरून वाचता येऊ लागली.

"आता बघ, गिऱ्हाइकांची रीघ लागेल," काका म्हणाले. त्यांचं दुकान बुडाल्यापासून घर काकूंच्या मशीनवरच चालत होतं.

रीघ सोडाच, चिटपाखरू फिरकेना. आठवडा सरत आला तरी मशीन झाकलेलंच. लोक फाटकाशी थबकायचे, फुलांचं तोंडभर कौतुक करायचे आणि काखेतली पिशवी घट्ट आवळून पुढे सटकायचे.

शेवटी एका दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. शाळेच्या मोठ्या बाई छत्रीत तोंड लपवून उभ्या होत्या.

"अहो काकू, काय करून बसलात हे!"

"का? छान नाही दिसत?"

"छान दिसतं हो! पण त्यात आम्हीही दिसतो ना! कमरेत सैल करायला कोण आलं, ते आता कोपऱ्यावरच्या बाकावरून दिसतं. वर्गातली पोरं माझा घेर मोजत बसतील!"

काकूंना हसावं की रडावं कळेना. व्यायामशाळेचे मास्तर यायचे, नाच शिकवणाऱ्या बाई यायच्या, गल्लीभर 'कमी खा' सांगत फिरणाऱ्या डॉक्टरीणबाईही यायच्या. झुडपाआडून एकेकटे. गल्लीत आपणच तेवढे सुटलो, असं ज्याला त्याला वाटायचं. काकूंनी एकाचं नाव दुसऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. उसवायचं, सैल करायचं आणि गप्प बसायचं, हा त्यांच्या सुईचा नेम होता. तो मोडला असता तर सगळ्यांची भीड एका दिवसात चेपली असती. पण मोडायचा नव्हता.

"माळ्याला परत बोलावू का?" काकांनी हळूच विचारलं.

"नको. त्या सदाफुलीने काय घोडं मारलंय आपलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी विटांच्या वाटेवर खुर्ची टाकली. भर उन्हात, भर रस्त्यासमोर. मांडीवर ब्लाउज घेतला आणि टाका टाका उसवू लागल्या.

"कोणाचा हो काकू?" भाजीवालीने फाटकातून विचारलं.

"माझाच गं! दोन बोटं सोडतेय. खाल्लेलं अंगी लागलं बाई!"

आवाज असा खणखणीत, की कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत गेला. तिथून कोणी ओरडलं, "काकू, दोन पुरतील ना?"

"नाही पुरली तर चार सोडीन! कापड माझं, अंग माझं!"

बाक खदखदून हसलं. काकूही हसल्या. मास्तर रस्त्याने चालले होते, ते थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, घरी गेले आणि पँट खांद्यावर टाकून आले.

"काकू, मग माझीही घ्या. तीन बोटं."

"अगंबाई, मास्तर, तुम्हीसुद्धा?" मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुमच्या पिशवीत काय आहे, बाई?" मास्तरांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी पाठीमागे लपवली, मग स्वतःच हसत पुढे केली. संध्याकाळपर्यंत लाल वाटेवर उभं राहायला जागा उरली नाही. मोठ्या बाई तर छत्री मिटून, पुढच्या फाटकातून, ताठ मानेने आल्या.

दिवेलागणीला मशीन थांबलं. काकांनी खुर्चीवरचा ब्लाउज उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, हा तर परवापर्यंत तुला ढगळ होत होता. एवढ्यात घट्ट कसा झाला?"

काकूंनी दोरा दाताने तोडला. "घट्ट कुठला! पहाटे मीच आवळून शिवला, आणि मग उसवायला बाहेर जाऊन बसले."