मागच्या सीटची कडी

"माझ्या पोह्यांच्या चाळणीत हे काय?"

"कार्बोरेटरचे स्क्रू गं. रॉकेलने धुतलेत, स्वच्छ आहेत."

निवृत्त झाल्यापासून नवरा अंगणात जुनी स्कूटर उघडून बसला होता. शेवटी आज सगळे स्क्रू जागेवर बसवून झाले आणि ती नवरीसारखी उभी होती. अंगभर हळदीचा रंग, आरशांना गोंडे, आणि दोन सुट्या सीटांच्या जागी एकच लांब सीट. इंजिन फटफटत होतं.

"चल, बस. दत्ताच्या देवळापर्यंत फेरी मारू."

"आणि धरू कशाला? माझी कडी कुठाय?"

मागच्या सीटपुढची ती लोखंडी कडी. लग्न झाल्यापासून तिने तीच धरली होती, कारण गाडी वळेपर्यंत सासूबाई खिडकीतून बघत असत. पुढे सासूबाई गेल्या, सवय राहिली.

"हरवली," तो आरसा पुसत म्हणाला. "इतके सुटे भाग, एखादा हरवतोच."

"मग मी नाही यायची. पडले बिडले तर?"

त्याचं तोंड उतरलं. त्याने स्कूटर बंद केली.

ती रात्रीचे तांदूळ काढायला आत गेली. डब्यात मापटं कशाला तरी अडलं. फडक्यात गुंडाळलेली, तेल लावून चकचकीत केलेली कडी!

तिने ती पुन्हा तांदळात खोल पुरली, पदर खोचला आणि बाहेर आली.

"सापडली का कुठं?" त्याने जरा घाबरतच विचारलं.

"छे हो. हरवलीय ना? मारा किक."

गाडी फटफटली. ती मागे बसली, आणि खिडकीकडे एकदाही न बघता तिने दोन्ही हात त्याच्या पोटाभोवती गुंफले.