पाइपवरची टकटक

रोमानियातल्या गलात्स शहरातल्या त्या इमारतीत हीटरचा एकच लोखंडी पाइप सगळ्या मजल्यांतून गेला होता. कुणाचा गोंगाट वाढला की शेजारी त्यावर पळी आपटून त्याला गप्प बसवायचे.

इलिंकाच्या खालच्या घरात मार्चेल पुन्हा बायकोला, दोइनाला बदडत होता. तिचं डोकं भिंतीवर आदळलं, ती किंचाळली, तशी इलिंकाच्या बाबांनी पळी घेऊन पाइपवर दणके घातले.

"रोजचा तमाशा लावलाय. धड बातम्याही ऐकू देत नाहीत."

किंकाळी मध्येच तुटली, कुणी तोंड दाबावं तशी.

हवेपेक्षा लोखंडातून आवाज लवकर आणि स्पष्ट पोचतो, हे सातवीतल्या इलिंकाला आजच शाळेत शिकवलं होतं. चटका बसत असतानाही तिने पाइपला कान लावला.

"बाबा, मार्चेलकाकांच्या घरातून कुणीतरी पाइप वाजवतंय. अगदी हळू."

"घ्या. आता आपल्या टीव्हीचा त्रास व्हायला लागला त्यांना," म्हणत बाबांनी आवाज कमी केला.

 

एकेक करत सगळ्या मजल्यांवरचे टीव्ही बारीक झाले, आणि मग पाइपही गप्प झाला.